लाकडाचं पीठ

आईच्या नाकाला वास येणं बंद झालंय, हे आम्हा घरच्यांना कळायला दोन वर्षं लागली. खुणा तर रोज डोळ्यांसमोर होत्या. कोपरखैरण्याच्या माथाडी वसाहतीत आमच्या तळमजल्यावर दोन खोल्या होत्या. आजूबाजूला बरीचशी साताऱ्याकडची माणसं, त्यामुळे उन्हाळा आला की आठ-दहा बायका मिळून वर्षाचा मसाला करायच्या. इमारतीच्या मागे तीन विटांची चूल मांडायची, मोठी लोखंडी कढई चढवायची आणि धने, तीळ, सुकं खोबरं, मिरच्या एकेक करून भाजायच्या. कढईपुढे बसायचा मान आईचा. धने कधी उतरवायचे हे ती बघून नाही, वासावरून सांगायची. मिरच्या पडल्या की बाकीच्या बायका पदर तोंडाला लावून लांब जायच्या, वरच्या मजल्यावरची माणसं खिडक्या लावून घ्यायची. त्या वर्षी आई कढईपुढे तशीच बसून राहिली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण नाकाला पदर लावला नाही. बायका हसल्या. "सुमनताई, नाक हाय का दगुड?" असं कुणीतरी म्हणालं, आणि आईही हसली. धने मात्र करपले. पुढे वर्षभर आमच्या आमटीला एक कडवटपणा होता. आण्णा दोन घास खाऊन ताटाकडे बघायचे आणि ठेचा मागून घ्यायचे. आम्हाला वाटलं, आईचं लक्ष नव्हतं.

आण्णा म्हणजे माझे वडील. कांदा-बटाट्याच्या बाजारात पाठीवर गोणी वाहायचे. पहाटे जायचे आणि दुपारी परत आले की अंगाला कांद्याच्या सालींचा वास घेऊन यायचे. घरात आम्ही तिघंच. आई जवळच्या पावणे गावातल्या एका दरवाजे बनवणाऱ्या कंपनीत कामाला होती. घरांचे, ऑफिसांचे, हॉटेलांचे दरवाजे तिथे तयार व्हायचे. लाकूड कापणं, चिकटवणं, दाबणं ही कामं पुरुषांची. शेवटी दरवाजा गुळगुळीत करायचं काम बायकांचं. लाकडाच्या ठोकळ्याला पॉलिश पेपर गुंडाळायचा आणि दरवाजा हाताने घासत राहायचा, वरून खाली, खालून वर, कडा, कोपरे, नक्षीतल्या खाचा. त्या खात्याला सगळे घासकाम म्हणायचे. कापताना जो पडतो तो भुसा, जाड असतो, झाडूने गोळा करता येतो. घासताना जे उडतं ते इतकं बारीक असतं की हवेत तरंगतं, खाली बसतच नाही. घासकामातल्या बायका त्याला पीठ म्हणायच्या.

आई संध्याकाळी घरी आली की आधी दाराबाहेर उभी राहून साडी झटकायची. पापण्यांवर पीठ, भुवयांवर पीठ, कानांच्या मागे पीठ. लहानपणी मला त्याची गंमत वाटायची, आई दळण दळून आलीय असं वाटायचं. ती आंघोळ करायची तेव्हा मोरीतलं पाणी ज्या दिवशी सागवान असेल त्या दिवशी पिवळट आणि मलेशियातून आलेलं लाकूड असेल त्या दिवशी लालसर जायचं. सकाळी उठल्या उठल्या तिला शिंका सुरू व्हायच्या, दहा, बारा, पंधरा. त्या थांबल्या की आण्णा म्हणायचे, "झाला गजर." नाकातून कधी रक्त यायचं, तेव्हा ती कांदा फोडून हुंगायची आणि उष्णता झाली म्हणायची. कंपनीत रोज सकाळी प्रत्येकीला गुळाचा एक खडा मिळायचा. गूळ खाल्ला की छातीतली धूळ पोटात उतरते आणि निघून जाते, असं सुपरवायझरने सांगितलं होतं. आई त्या खड्यातला अर्धा माझ्यासाठी पदराला बांधून आणायची. बारीक धूळ चिकटलेला तो गूळ मी आवडीने खाल्लाय.

आमच्या आताच्या सोसायटीत गेल्या महिन्यात एका फ्लॅटचं काम निघालं. दोन सुतार लिफ्टच्या शेजारी बसून दिवसभर प्लायवूड कापत आणि घासत होते, तोंडाला साधा रुमालसुद्धा नाही. मी केमिस्टकडून चांगले मास्क आणून दिले. सेक्रेटरी म्हणाले, "मॅडम, तुम्ही कशाला टेन्शन घेता, त्यांना सवय असते." सवय या शब्दाचा मला मनापासून राग आहे. जिना उतरणाऱ्या दोन मुली म्हणत होत्या, ताज्या लाकडाचा वास किती छान असतो ना. मी घरात जाऊन दार लावून घेतलं. दुसऱ्या दिवशी ते मास्क खिळ्यांच्या डब्यात पडलेले दिसले. त्या सुतार पोरांवर तरी कशाला चिडायचं, असं मी स्वतःला समजावलं, आणि तरी दिवसभर चिडलेलीच राहिले.

तर माझी बारावी झाली, टायपिंगची परीक्षा झाली, आणि आईने एक दिवस धीर करून मॅनेजर सामंतसाहेबांना विचारलं, माझ्या पोरीला ऑफिसात घ्याल का. त्यांनी घेतलं. आईला त्याचा केवढा अभिमान. घासकामातली बाई असून तिची वैशाली ऑफिसात खुर्चीवर बसते, हे ती वसाहतीत येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची. आम्ही दोघी एकाच रिक्षातून पावण्याला जायचो. गेटपाशी ती डावीकडे शेडमध्ये जायची, मी उजवीकडे काचेच्या केबिनमध्ये. डबा मात्र एकत्र खायचो, भाकरी आणि काहीतरी कोरडं. आईसोबत पार्वतीमावशी बसायची. ती पावणे गावातलीच आगरी बाई, उंच, सावळी, मोठ्या आवाजाची. घासकाम सुरू झालं तेव्हापासून ती आणि आई एकाच दरवाज्याच्या दोन बाजूंना उभ्या असायच्या. मावशीच्या डब्यात बहुतेक वेळा सुकट असायची, आणि ती म्हणायची, "खा गो पोरी, हाफिसान बसून काय पोट भरतंय?"

ऑफिसात बसल्यावर मला पहिल्यांदा कळलं की धूळ ओढून घेणारं एक मशीन कंपनीत आहे. शेडच्या मागच्या भिंतीला लागून निळी टाकी, तिला कापडाच्या लांब पिशव्या, आणि टाकीतून निघून शेडभर फिरणारा जाडजूड पाइप. प्रत्येक टेबलावर त्याचं एकेक तोंड लोंबत होतं. कामगार त्याला सोंड म्हणायचे. ते मी शेडमध्ये येता-जाता पाहिलं होतं, पण ते कशासाठी आहे हे ठाऊक नव्हतं, कारण ते चालू असलेलं मी कधी बघितलंच नव्हतं. फायली लावताना त्याची माहितीपुस्तिका हाताला लागली. सामंतसाहेबांना विचारलं तर म्हणाले, "अगं, लाइट फार खातं ते. आणि पिशव्या भरल्या की दर दोन तासांनी काम थांबवून झटकायच्या. एवढा वेळ कुणाला आहे?" ते वाईट माणूस नव्हते. माझं टायपिंग चुकलं तर ओरडायचे नाहीत, गणपतीला मला आणि आईला वेगवेगळे मिठाईचे बॉक्स द्यायचे. म्हणूनच की काय, त्यांचं म्हणणं मी ऐकून घेतलं आणि जागेवर येऊन बसले.

त्याच महिन्यात सरकारी तपासणी खात्याकडून एक पत्र आलं होतं. त्याचं उत्तर साहेबांनी इंग्रजीत लिहून माझ्यापुढे ठेवलं. मी टाइप करायला घेतलं. माझं इंग्रजी बेताचं होतं, पण त्या चार ओळी कळण्याइतकं होतं. धूळ खेचण्याची यंत्रणा कामाच्या सर्व वेळेत सुरू असते. सर्व कामगारांना मास्क दिलेले आहेत. कोणाचीही आरोग्याची तक्रार नाही. मी एक चूक न करता ते पत्र टाइप केलं. तिसऱ्या ओळीवर माझी बोटं थांबली असं मी इथे लिहिलं असतं तर बरं दिसलं असतं. ती थांबली नाहीत. साहेब सही करून म्हणाले, "क्लीन काम आहे तुझं." मला आनंद झाला.

मग तो रविवार आला. आण्णा गावाकडच्या कुणाला भेटायला तुर्भ्याला गेले होते. मी मैत्रिणीकडून दुपारी परत आले तर इमारतीच्या दारातच गॅसचा वास. मला वाटलं, कुणाच्यातरी घरी शेगडी नीट बंद केलेली नाही. पाच-सहा पावलं आत आले तर वास वाढला, आणि आमच्या दाराशी आले तेव्हा घसा धरला. दार ढकललं. आई खिडकी लावून, पंखा बंद करून जमिनीवर तांदूळ निवडत बसली होती, वाऱ्याने तूस उडू नये म्हणून. चहा ठेवायला ती नुकतीच उठत होती. तिच्या डाव्या हातात काडेपेटी होती.

मी ओरडत काडेपेटी हिसकावून बाहेर फेकली. सिलिंडरचं बटण बंद केलं, खिडकी उघडली, आईला हाताला धरून ओढत बाहेर आणलं. शेगडीची रबरी नळी मागच्या बाजूला चिरली होती. शेजारचे दोघं-तिघं धावत आले, त्यांनी सिलिंडर मोकळ्या जागेत नेऊन ठेवला. आई पायरीवर बसली होती आणि माझ्याकडे रागाने बघत होती.

"एवढी वरडायला काय झालं तुला?"

"आई, घरभर गॅस पसरलाय. तुला वास नाही आला?"

"कसला वास?"

मी तिला तिथेच बसवून ठेवलं. मग आत गेले, डब्यातून लसणाच्या चार पाकळ्या आणल्या, दगडाने ठेचल्या आणि तिच्या नाकाशी धरल्या. तिने श्वास घेतला. पुन्हा घेतला. मग मान खाली घालून हळूच म्हणाली, "लई दिस झालं, बाय. मला कशाचाच येत न्हाय. आण्णांस्नी सांगू नगस."

"किती दिवस?"

"मसाला केला त्याच्या आदीपास्नं. पार्वतीला बी न्हाय येत. समद्याजणींचं तसंच हाय. घासकामात नाक जातंच."

ज्या सहजपणाने ती हे बोलली, ते ऐकून मला आधी तिचाच राग आला. घासकामातल्या बाराही बायकांची नाकं गेली होती, आणि त्या एकमेकींना ते असं सांगत होत्या जणू केस पिकलेत. तो राग आजही पूर्ण गेलेला नाही, हे मी प्रामाणिकपणे सांगते.

दुसऱ्या दिवशी मी सामंतसाहेबांच्या टेबलापाशी जाऊन उभी राहिले आणि सोंड सुरू करा म्हणून सांगितलं. काय झालं तेही सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं, "अरेरे" म्हणाले, पाणी पाजलं. दुपारी खरंच अर्धा तास मशीन चालू केलं. मग ऑर्डर घाईची निघाली आणि ते बंद झालं. आठवडाभराने मी पुन्हा विचारलं. ते म्हणाले, "शेठशी बोलतो." त्यानंतर शेठ परदेशात होते, मग शेठच्या घरी लग्न होतं. शेठना मी कंपनीत असताना एकूण दोनदा पाहिलं. मी शेवटी घरी बसून मराठीत एक साधा अर्ज लिहिला, मशीन रोज चालू ठेवावं, चांगले मास्क द्यावेत, डॉक्टरांकडून नाक आणि छाती तपासून घ्यावी. जेवणाच्या सुट्टीत तो घासकामातल्या बायकांपुढे वाचून दाखवला. सगळ्यांनी नीट ऐकला, कुणी हुंकारही दिला. पेन पुढे केलं तेव्हा एकेकीचे हात डब्यात अडकले.

पार्वतीमावशी म्हणाली, "पोरी, तू लिवलंस ता खरा हाय. पन सही केली न उद्या बोलले का घरी बस, तं मी कुठं जाव? आमची शेती गेली, खाडीन पानी घान झाला. हीच येक जागा हाय."

आईने तर अर्ज माझ्या हातातून घेतला, चार घड्या केल्या आणि ब्लाउजमध्ये ठेवला. "गप जेव," म्हणाली. मी जेवले नाही. संध्याकाळी रिक्षात आम्ही दोन टोकांना बसलो.

पुढे दीडेक महिन्याने तपासणी अधिकारी येणार असा निरोप आला. आदल्या दिवशी शेड धुऊन काढली. सकाळी प्रत्येकीला कागदी मास्क मिळाला. तो कसा बांधायचा हे बायका एकमेकींना विचारत होत्या. आणि सोंड चालू झाली. मी केबिनमधून बघत होते. आधी घरघर, मग एकसारखा मोठा आवाज, आणि पाहता पाहता शेडमधली हवा निवळली. पलीकडच्या भिंतीवर एक कॅलेंडर होतं हे मला त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं. एवढं सोपं होतं ते. एक बटण दाबायचं होतं.

अधिकारी मध्यम वयाचे, सफारी घातलेले, थकलेले दिसत होते. फायली घेऊन मला शेडमध्ये बोलावलं होतं, म्हणून मी सामंतसाहेबांच्या मागे उभी होते. अधिकाऱ्यांनी मशीनकडे पाहिलं, मास्ककडे पाहिलं, टिपणं काढली. मग म्हणाले, "यांच्यातल्या कोणाशी बोलता येईल?" साहेबांनी आईला पुढे बोलावलं, जुनी कामगार म्हणून.

"बाई, किती वर्षं आहात?"

"अकरा झाली, साहेब."

"धुळीचा काही त्रास? खोकला, श्वास, डोळे, नाक?"

आई माझ्याकडे बघत नव्हती. तिने मास्क खाली ओढला आणि स्पष्ट आवाजात म्हणाली, "न्हाय साहेब. कायबी तरास न्हाय."

अधिकाऱ्यांनी ते लिहून घेतलं. त्यांचं पेन कागदावर चालताना मी पाहिलं, आणि माझ्या तोंडून शब्द निघून गेले.

"साहेब, माझ्या आईला वास येत नाही. या सगळ्यांनाच येत नाही. हे मशीन एरवी बंद असतं, आज तुम्ही येणार म्हणून चालू केलंय."

सामंतसाहेब वळून म्हणाले, "वैशाली, तू केबिनमध्ये जा." आवाज अजूनही चढलेला नव्हता. अधिकाऱ्यांनी हात वर करून त्यांना थांबवलं आणि मला विचारलं, "कशावरून म्हणता?" माझ्याकडे पुरावा काही नव्हता. मी म्हटलं, "पिशव्या बघा." ते टाकीमागे गेले. आम्ही मागोमाग. कापडाच्या त्या लांब पिशव्या हवेने फुगल्या होत्या, पण कारखान्यातून आल्या तेव्हाच्या घड्यांच्या रेघा त्यांच्यावर जशाच्या तशा होत्या. अधिकाऱ्यांनी मशीन बंद करायला लावलं, एक पिशवी सोडवली, आत हात घातला. कोपरापर्यंत घातलेला हात बाहेर काढला तेव्हा बोटांना जेमतेम पूड लागली होती. मग माझ्याकडची फाइल मागून घेतली आणि ते पत्र काढलं, मी टाइप केलेलं. "हे कोणी टाइप केलं?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "मी."

कंपनीला नोटीस आली. मला त्याच संध्याकाळी उद्यापासून येऊ नको म्हणून सांगितलं. आईला कुणी काही बोललं नाही. त्यानंतर सोंड रोज चालायला लागली, आणि आईच्या साडीवर पीठ कमी दिसायला लागलं. सकाळच्या शिंका बारावरून सात-आठवर आल्या. आई माझ्याशी कामापुरतंच बोलायची, पण मला वाटायचं, चालेल, हे झालं ना, बास. दोन महिने मी त्या समाधानात काढले. मग शेठनी घासकामाचं खातंच बंद केलं. दरवाजे घासायचं काम तळोज्याच्या एका ठेकेदाराला दिलं, आणि बायकांना सांगितलं, ज्यांना काम हवंय त्यांनी तिकडे जावं. नोटीस पावण्याच्या कंपनीला होती. तिथे आता घासकामच नव्हतं, त्यामुळे कागदावर सगळं व्यवस्थित झालं. तळोज्याच्या त्या शेडला पत्र्याच्या तीन भिंती आणि एक पंखा होता. मशीन नव्हतं. गूळसुद्धा नव्हता.

बारापैकी सात बायका गेल्या. त्यात आई होती. मी तिला अडवलं, हात धरला, ओरडले, रडले. आण्णा म्हणाले, "सुमे, ऱ्हाऊ दे, माझी पाठ हाय आजून." ती म्हणाली, "माझ्या हाताला ह्येच काम येतं." आता येता-जाता दोन रिक्षा बदलाव्या लागायच्या. तिथे ती आणखी सहा वर्षं होती. पार्वतीमावशी गेली नाही. ती सुकी मासळी घेऊन वसाहतींमधून फिरायला लागली. एकदा आमच्या दारात टोपली उतरवून बसली आणि म्हणाली, "आता मासली बरी हाय का नासली, मना नाकानी नाय कलत. बोटानी दाबून बघतंय. गिऱ्हाईक बोलतंय, बाय, वास मारतंय गो, तवा मना कलतंय." ती हसून सांगत होती. मला हसता आलं नाही. मला त्या वर्षांत सारखं वाटायचं की मी बोलून या बायकांचं जे काही थोडंबहुत होतं तेही घालवलं. आज वाटतं की बोलण्याची चूक माझी नव्हती. पण हे मनाला सांगावं लागतं, आपोआप पटत नाही.

मी नंतर दुसरीकडे नोकरी केली, लग्न केलं, सीवूड्सला फ्लॅट घेतला. आण्णा गेले, तेव्हा आईला माझ्याकडे आणलं. ती शांत म्हातारी झाली. आम्ही दोघी त्या दिवसाबद्दल कधीच बोललो नाही. मग दोन वर्षांपूर्वी तिच्या एका नाकपुडीतून सारखं रक्त यायला लागलं आणि डोळ्याखाली गाठ दिसू लागली. तपासण्या झाल्या. रिपोर्ट घेऊन आम्ही हॉस्पिटलच्या बाकावर नंबराची वाट बघत बसलो होतो, तेव्हा मी अखेर तिला विचारलं. इतक्या वर्षांनी, आणि तेही जरा तुटक आवाजात, कारण काळजी वाटली की माझा आवाज तसाच होतो.

"आई, त्या दिवशी त्या साहेबांना तू नाही का म्हणालीस?"

तिने आठवायला वेळ घेतला नाही. "सामंतसाहेब सकाळी माझ्याजवळ आलं हुतं. म्हनलं, वैशालीला म्होरल्या महिन्यापास्नं कायम करतोय, तेवढं सांभाळून घ्या. तुझी खुर्ची जाऊ नये म्हनून म्या न्हाय म्हनलं." मग म्हणाली, "आन तू लगीच तोंड उघाडलंस."

मला काय वाटलं ते मी नीट सांगू शकत नाही. वाईट वाटलं, पण त्याहून जास्त संताप झाला. तिच्यावर नाही. त्या एका वाक्यावर, जे सहज, हसतमुखाने, मिठाईच्या बॉक्ससारखं तिच्या हातात दिलं गेलं होतं, आणि जे मला इतकी वर्षं ठाऊकच नव्हतं. सामंतसाहेब कधीच वारले होते. कंपनीच्या जागेवर काचेची इमारत आहे, खाली कुरियरचं गोडाऊन. भांडायला कुणी उरलेलं नव्हतं.

नंबर लागला. डॉक्टर तरुण होते, माझ्या मुलाच्या वयाचे. त्यांनी फोटो लावून बघितले आणि आईला विचारलं, "आजी, तुम्ही आधी काय काम करायचात? चामड्याचं, लाकडाचं काही?" मी तोंड उघडलं होतं, पण आईने माझ्या हातावर हात ठेवला आणि स्वतः बोलायला लागली. पावण्याला अकरा वर्षं, तळोज्याला सहा. सागवान कुठलं, लाल लाकूड कुठलं, जाड कागद आधी आणि बारीक कागद नंतर, बारीक कागदाला पीठ जास्त. किती वाजता शिरायचं, नाकातोंडाला पदर किती घड्यांचा बांधायचा, वास कधी गेला. एवढं सलग बोलताना मी तिला कधी ऐकलं नव्हतं. डॉक्टर लिहीत होते. अशा लाकडाच्या बारीक धुळीने नाकाच्या आतल्या पोकळीत असा कॅन्सर होऊ शकतो, हे त्यांनी समजावून सांगितलं. मग मला म्हणाले, "कंपनीचा काही कागद आहे का? नुकसानभरपाईसाठी प्रयत्न करता येईल." मी म्हटलं, कंपनीचा कागद असलाच तर एकच असेल, आणि त्यात लिहिलेलं असेल की मशीन सर्व वेळ चालू असायचं आणि कोणाची तक्रार नव्हती. तो मीच टाइप केलाय, हेही सांगितलं.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. त्यांच्या स्वरात दोष नव्हता, पण ते गोंधळले होते. "म्हणजे इतक्या वर्षांत," ते म्हणाले, "कुणीच काही बोललं नाही?"

आईने खुर्ची थोडी पुढे ओढली.

"बोलली हुती," ती म्हणाली. "ही बोलली हुती, समद्यांच्या म्होरं. लिव्हून घ्या त्ये बी."